किडीचं नाव सांगणारं दफ्तर

२०१८ च्या सप्टेंबरात सोलापूरकडच्या माझ्या मामांनी मक्याच्या पोंग्यात बसलेल्या अळीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “दुकानात लष्करी अळी म्हणाले. दोनदा फवारलं. मरत नाही.”

दुकानदाराने फसवलं नव्हतं. ‘लष्करी अळी’ हे नाव आपल्याकडे जुनंच आहे. ज्वारीवर, भातावर फौजेसारखी चालून येते ती अळी. पण मामांच्या मक्यातली अळी निराळी होती. ती मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत पोचली आणि २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडली. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी खूण, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. ती पोंग्यात खोल शिरून बसते, वर आपलीच विष्ठा साठवते, त्यामुळे पानांवरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. नाव एक, अळ्या दोन, आणि उपायही दोन.

तिची ओळख पक्की करून देशभर इशारा दिला तो बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने. तेव्हा अनेकांनी मला विचारलं होतं, किड्यांचाही ब्यूरो असतो? असतो. आणि त्याची वंशावळ मागे मागे नेली तर ती लंडनमधल्या एका लहानशा कचेरीपाशी पोचते. १९१३ साली उभ्या राहिलेल्या त्या कचेरीचं नाव होतं ‘इम्पीरियल ब्यूरो ऑफ एन्टोमॉलॉजी’. एन्टोमॉलॉजी म्हणजे कीटकशास्त्र. पाव जगावर पसरलेल्या ब्रिटिश साम्राज्यातून पोस्टाने आलेला किडा बघायचा, त्याचं नाव सांगायचं आणि त्याच्याबद्दल जगात कुठेही काही छापलं गेलं असेल तर ते कळवायचं, हे तिचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं. ते तसं का नव्हतं, ते या लेखात सांगायचं आहे.

नाव नसलं तर नेमकं काय अडतं?

तलाठी कार्यालयात जाऊन “आमचं ते विहिरीजवळचं वावर” एवढंच सांगून बघा. तलाठी म्हणेल, गट नंबर सांगा. तो नंबर सांगितला की सातबारा निघतो, फेरफार निघतात, जमिनीवर कुणाचा बोजा आहे तेही कळतं. जमीन तुमच्या डोळ्यांसमोर असते, तिच्या ढेकळान् ढेकळाची तुम्हाला ओळख असते, तरी नंबराशिवाय दफ्तरातला एकही कागद हाती लागत नाही.

किड्याचं शास्त्रीय नाव म्हणजे त्याचा गट नंबर. ते दोन शब्दांचं असतं. शाळेच्या हजेरीपटावर आधी आडनाव आणि मग नाव लिहितात, तसं. मक्यातली ती अळी ‘स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा’. एवढं कळलं की ती कुठून आली, किती दिवसांत पतंग होतो, तो किती लांब उडतो, तिला कोणता परजीवी मारतो, कुठल्या औषधांना ती सरावली आहे, हे सगळं ब्राझीलपासून केनियापर्यंत लोकांनी लिहून ठेवलेलं एकदम उघडतं. नाव माहीत नसेल तर प्रत्येक गावाला ती किंमत नव्याने मोजून तेच शिकावं लागतं.

आता जमिनीच्या मोजणीत वाद झाला तर शेवटी हद्दीचा मूळ दगड शोधतात. किड्यांच्या जगात त्या दगडाला ‘टाइप नमुना’ म्हणतात. एखाद्या जातीला पहिल्यांदा नाव देताना ज्या किड्यावरून वर्णन लिहिलं, तो टाचणीला टोचलेला प्रत्यक्ष किडा. पुढे शंभर वर्षांनी दोन तज्ज्ञांचं पटलं नाही तर दोघांनाही त्या एका किड्यापाशी जावं लागतं. हा शब्द पुढे पुन्हा लागणार आहे.

साम्राज्याला किड्यांचं दफ्तर का लागलं?

सुरुवात एका माशीपासून झाली. १९०० नंतरच्या काही वर्षांत युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी निद्रारोगाने दोन लाखांहून जास्त माणसं मेल्याचा अंदाज आहे. आधी ताप, मग गुंगी, मग मरण. हा रोग त्सेत्से माशीच्या चाव्यातून पसरतो, हे डेव्हिड ब्रूस यांच्या पथकाने १९०३ मध्ये दाखवलं. त्याच्या सहाच वर्षं आधी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला होता. म्हणजे दहा वर्षांच्या आत राज्यकर्त्यांना कळून चुकलं की माणसं, जनावरं आणि पिकं या तिन्हींचा शत्रू किड्याच्या रूपाने फिरतो आहे.

पण त्सेत्से ही काही एकच माशी नाही. तिच्या तीसच्या आसपास जाती आहेत. काही नदीकाठच्या दाट झाडीत राहतात, काही उघड्या माळावर. कुठली झाडी तोडायची, कुठल्या गावांना उठवायचं, हे माशीच्या जातीवर ठरतं. सरोवराकाठच्या लोकांना वसाहतीच्या सरकारने खरोखरच घरंदारं सोडून हलवलं. अशा निर्णयाखाली जातीचं नाव चुकलं तर हजारो माणसांचे हाल फुकट जातात.

म्हणून १९०९ मध्ये ब्रिटनच्या वसाहत खात्याने उष्णकटिबंधीय आफ्रिकेपुरती एक कीटक संशोधन समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते लॉर्ड क्रोमर, इजिप्तवर जवळजवळ पाव शतक हुकमत गाजवलेले. एस. ए. नीव्ह आणि जे. जे. सिम्पसन या दोन कीटकतज्ज्ञांना पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेत फिरायला पाठवलं. १९१० पासून समितीचं नियतकालिकही निघू लागलं.

मग आफ्रिकेवर न थांबता सगळ्या साम्राज्याचा ब्यूरो का? याचं उत्तर विदर्भातल्या कापूस उत्पादकाला चटकन कळेल. गुलाबी बोंडअळीला शास्त्रीय नाव मिळालं १८४३ मध्ये, आपल्या शेजारच्या भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. पुढे १९०६-०७ च्या सुमारास ही अळी हिंदुस्थानातून गेलेल्या कापसाबरोबर इजिप्तला पोचली, कारण त्या कापसात सरकी राहिली होती आणि सरकीत अळी झोपलेली होती. इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या चालत. तिथून पुढे ही अळी जगभर गेली. व्यापाराच्या बोटींनी देश जोडले होते, किडे त्याच बोटींतून फिरत होते, आणि माहिती मात्र प्रत्येक वसाहतीच्या कपाटात बंद होती. भडोचला जे ठाऊक होतं ते कैरोला ठाऊक नव्हतं. ही फट बुजवायला १९१३ चा ब्यूरो आला.

ही कचेरी चालायची कशी?

तिला आकार दिला एका माणसाने, गाय मार्शल यांनी. जन्म १८७१, अमृतसर. वडील हिंदुस्थानात अधिकारी आणि पक्ष्यांचे अभ्यासक. मार्शल स्वतः तरुणपणी ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) राहिले, तिथल्या किड्यांवर वर्षानुवर्षं निरीक्षणं केली आणि सोंडकिड्यांचे जगातले मोठे जाणकार झाले. सोंडकिडा म्हणजे धान्यात होतो तो सोंडवाला भुंगा. आंब्याच्या कोयीत, रताळ्यात, नारळाच्या खोडात सापडणारेही त्याचेच भाऊबंद. मार्शल १९४२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, संचालक होते. मला या माणसाची थोरवी त्यांच्या संशोधनाहून त्यांच्या कारभारात जास्त दिसते. त्यांनी ब्यूरोचं काम अगदी थोडं ठेवलं आणि ते चोख केलं.

हाऊसिंग सोसायटीत प्रत्येकजण आपापला वॉचमन ठेवत नाही. सगळे मेंटेनन्स भरतात आणि एकच ठेवतात. ब्यूरोचं तसंच होतं. वेगवेगळ्या वसाहतींची सरकारं वर्गणी देत. प्रत्येक देशाने सोंडकिड्यांचा एक, माश्यांचा एक, टोळांचा एक असे तज्ज्ञ पाळणं शक्यच नव्हतं. त्यांची मिळून एक जागा लंडनला ठेवली. ती निवडली साउथ केन्सिंग्टनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये, कारण तुलनेसाठी लागणारे नमुने तिथे आधीच होते. छपाईचं आणि ग्रंथालयाचं काम शेजारच्या क्वीन्स गेट रस्त्यावरच्या घरातून चाले.

एका किड्याचा प्रवास असा असे. समजा, एखाद्या वसाहतीत चहाच्या मळ्यात अनोळखी भुंगा दिसला. तिथला सरकारी कीटकतज्ज्ञ दहा-वीस भुंगे टाचणीवर चढवायचा, प्रत्येकाखाली चिठ्ठी लावायचा आणि पेटी बोटीने रवाना करायचा. लंडनला पेटी उघडून किडे गटागटाने वेगळे होत. ज्या गटाचा जाणकार ब्यूरोत असेल त्याच्याकडे तो गट जाई, नसेल तर म्युझियममधल्या किंवा परदेशातल्या तज्ज्ञाकडे. नाव लागलं की उत्तर परत. जात नवीन निघाली तर तिचं वर्णन छापलं जाई आणि टाइप नमुना म्युझियममध्ये राही. गावचा डॉक्टर रोग्याला तपासतो आणि रक्ताची बाटली शहरातल्या लॅबला पाठवतो, तसं हे होतं. औषधोपचार गावच्या डॉक्टरनेच करायचे. ब्यूरोने वसाहतींच्या कीटकखात्यांवर हुकूम चालवला नाही, आणि म्हणूनच ती खाती त्याला आपली पेटी विश्वासाने पाठवत राहिली असं मला वाटतं.

आपल्याकडे ते गावचे डॉक्टर बिहारमधल्या पुसा इथे बसत. १९०५ मध्ये तिथे कृषी संशोधन संस्था निघाली आणि हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय तिथले इम्पीरियल कीटकतज्ज्ञ झाले. १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यात जी टोळधाड आली तिचा अभ्यास त्यांनीच केला. त्या टोळाला आजही ‘बॉम्बे लोकस्ट’ म्हणतात. सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात राहणारा तो टोळ.

ब्यूरोचं दुसरं काम कात्रणांचं. जगात रशियनपासून पोर्तुगीजपर्यंत कुठल्याही भाषेत किड्यांवर काही छापलं गेलं की त्याचा इंग्रजीत छोटा सारांश करायचा आणि दर महिन्याला सगळ्यांना पाठवायचा. हे मासिक जानेवारी १९१३ पासून दोन भागांत निघालं. एक पिकांच्या किडींचा, दुसरा माणसं नि जनावरांना त्रास देणाऱ्या किड्यांचा. ज्या तज्ज्ञाजवळ ग्रंथालय नाही, शेजारी बोलायला दुसरा तज्ज्ञ नाही आणि पावसाळ्यात रस्ताही नाही, त्याच्यासाठी हे मासिक केवढा आधार असेल! आज जगभरचे शास्त्रज्ञ ज्या संगणकीय सूचीत शेतीविषयक संशोधन शोधतात, त्या ‘सीएबी ॲबस्ट्रॅक्ट्स’ची मुळं या मासिकात आहेत.

नुसतं नाव लावून पीक वाचतं का?

हा प्रश्न मामांनीही विचारला होता, आणि तो रास्त आहे. त्याला पपईचं उदाहरण देतो.

२००८ मध्ये कोइम्बतूरकडे पपईवर पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसू लागले. पिठ्या ढेकूण. आपल्याकडे पिठ्या ढेकूण काही नवे नाहीत, पण हे औषधांना दाद देईनात. पपईवरून तुती, तुतीवरून टॅपिओका असे ते पसरत गेले आणि पुढे पुण्याच्या बाजूलाही पोचले. हा ढेकूण मूळचा मेक्सिकोकडचा. तिथे तो १९५५ मध्येच गोळा झाला होता, पण त्याला नाव मिळालं १९९२ मध्ये. नाव देणाऱ्या दोघांपैकी एक होते डी. जे. विल्यम्स, लंडनच्या याच कीटकसंस्थेचे पिठ्या ढेकणांचे तज्ज्ञ. ते नाव होतं म्हणून कोइम्बतूरच्या ढेकणाची ओळख पटली. ओळख पटली म्हणून कळलं की या जातीला मारणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या कॅरिबियन बेटांकडे आधीच यशस्वीपणे वापरल्या आहेत. २०१० मध्ये त्या पोर्तो रिकोहून बेंगळुरूच्या ब्यूरोत आल्या, तिथे वाढवल्या, तमिळनाडू आणि महाराष्ट्रात सोडल्या. काही महिन्यांत बागा सावरल्या. फवारणीच्या खर्चाने मेटाकुटीला आलेल्या माणसांच्या बागा होत्या त्या.

टोळांची गोष्ट याहूनही नवलाची आहे. बोरिस उवारोव्ह हे रशियन कीटकतज्ज्ञ जॉर्जियातल्या तिबिलिसीहून १९२० मध्ये लंडनच्या ब्यूरोत आले. काम दिलं टोळांची नावं नीट लावण्याचं. म्युझियमच्या पेट्यांमध्ये दोन जाती होत्या. एक थवा करून येणारा काळसर-पिवळा टोळ, दुसरा एकटा राहणारा हिरवट नाकतोडा. रंग वेगळा, पाठीचा आकार वेगळा. उवारोव्हनी कॉकेशसच्या रानात दोन्ही पाहिले होते. त्यांना मधल्या रूपाचे किडेही सापडले. १९२१ मध्ये त्यांनी मांडलं की ही जात एकच आहे! दाटी झाली की पिढी दर पिढी एकट्याचा थवेकरी होतो, दाटी विरली की परत एकटा. एका गट नंबरावर दोन उतारे निघाले होते, त्यांनी ते एक केले. दाटीत हे घडतं कसं, तेही आता ठाऊक आहे. वाळवंटी टोळाच्या मागच्या मांडीला वारंवार दुसऱ्या टोळाचा स्पर्श झाला की काही तासांत त्याचं वागणं पालटतं.

यातून उपाय बदलला. थवा आकाशात उठल्यावर थाळ्या वाजवण्यापेक्षा, पाऊस पडल्यावर ज्या ठरावीक ओसाड पट्ट्यांत दाटी होते तिथेच लक्ष ठेवायचं. हिंदुस्थानात १९३९ मध्ये टोळधाड इशारा संघटना निघाली ती याच कल्पनेवर. २०२० च्या मेमध्ये मोर्शी आणि काटोलकडे टोळ आले तेव्हा ते कुठून निघालेत, कुठे वळतील, याच्या बातम्या आधीच येत होत्या. त्या बातम्यांमागे पेट्यांतल्या वाळलेल्या टोळांवर वाकून बसलेला हा माणूस आहे. मुंबई इलाख्याच्या त्या टोळासाठी त्यांनीच १९२३ मध्ये नवं ‘आडनाव’ दिलं, ‘पतंग’. संस्कृतात उडणाऱ्या किड्याला म्हणतात तोच शब्द.

तिसरं उदाहरण हापूसवाल्यांसाठी. पुसा इथले फ्रँक हॉवलेट यांच्या ध्यानात आलं की सिट्रोनेला तेलाच्या वासाकडे फळमाश्यांचे नर धावत येतात. त्यांनी त्या वासातलं नेमकं द्रव्य शोधलं, मिथाइल युजेनॉल, आणि १९१५ मध्ये ते लंडनच्या नियतकालिकात छापलं. हेच द्रव्य काही तुळशींतही असतं. आज कोकणात आंब्याच्या फांद्यांना जे रक्षक सापळे टांगलेले दिसतात त्यांत हेच असतं. नर सापळ्यात मरतात, माद्यांची अंडी फळत नाहीत. २०१४ मध्ये फळमाशीमुळेच युरोपने आपल्या आंब्याला काही महिने दार बंद केलं होतं, एवढ्यावरून या सापळ्याची किंमत लक्षात येईल.

आणि जे झालंच नाही त्याचाही हिशेब ठेवला पाहिजे. अमेरिकेच्या कापसाला उद्ध्वस्त करणारा बोंडातला सोंडकिडा आजवर भारतात आलेला नाही. १९१४ मध्ये इथे विनाशक कीड कायदा झाला आणि पुढच्या दशकात अमेरिकन कापसाला मुंबई बंदरात विषारी वायूची धुरी देणं सक्तीचं झालं. कुठल्या किड्याला अडवायचं हे माहीत असल्याशिवाय बंदरावर पहारा ठेवता येत नाही.

किडीवर कीड सोडायची, हे धोक्याचं नाही का?

आहे. १९२७ मध्ये ब्यूरोने लंडनबाहेर फार्नम रॉयल इथे एक घर घेऊन मित्रकीटकांची प्रयोगशाळा काढली. लोक तिला परजीवींचं प्राणिसंग्रहालय म्हणत. एका देशातल्या किडीचे शत्रू तिथे वाढवून दुसऱ्या देशात पाठवायचे. आधीची यशं डोळ्यांसमोर होती. त्यातलं सगळ्यात गाजलेलं फिजीचं. तिथे एका जांभळट पतंगाच्या अळ्यांनी नारळाची झाडं निष्पर्ण केली होती. १९२५ मध्ये मलायातून एका परजीवी माशीचे तीनशेच्या आसपास जीव बोटीने फिजीला नेले. दोन वर्षांत पतंग इतका विरळ झाला की नारळ वाचले. या मोहिमेचा सविस्तर वृत्तान्त ब्यूरोनेच छापला.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. तो पतंग गेली कित्येक दशकं फिजीत कुणाला दिसलेला नाही. तो मूळचा फिजीचाच होता की बाहेरून आलेला, यावर आजही तज्ज्ञांत वाद आहे. तिथलाच असेल तर माणसाने जगातून एक जात पुसली. त्या माशीने तिथल्या दुसऱ्या निरुपद्रवी पतंगांनाही गाठलं असावं असा संशय आहे. नारळावर जगणाऱ्या बेटकऱ्यांना मी दोष देणार नाही. पण आज मित्रकीटक आणताना आधी बंदिस्त जागेत तो आणखी कशाकशावर तुटून पडतो हे तपासतात, आणि पपईच्या वेळी तसं तपासलं गेलं, ही सक्ती अशा अनुभवांतून आलेली आहे.

हे सगळं इंग्रजांच्या फायद्यासाठीच होतं ना?

मुख्यतः हो. कापूस, चहा, कोको, रबर ही साम्राज्याच्या तिजोरीची पिकं आधी, गरिबाच्या नाचणीवरची अळी नंतर. आणि दुसरी गोष्ट जास्त खोल बोचते. नावं लंडनला लागली म्हणून हद्दीचे दगडही लंडनला राहिले. आपल्या डोंगरातल्या, आपल्या शेतातल्या असंख्य किड्यांचे टाइप नमुने आजही तिथे आहेत. स्वतः मार्शल यांनी १९१६ मध्ये हिंदुस्थानातल्या सोंडकिड्यांवर मोठा खंड लिहिला, हजाराहून जास्त जातींना नावं दिली, आणि भारतीय विद्यार्थ्याला आपल्याच गावचा भुंगा पक्का ओळखायचा तर तिकीट काढून तिकडे जावं लागलं. पुसात अळ्या वाढवणारे, रात्री कंदील घेऊन किडे धरणारे बहुतेक हात भारतीय होते. त्यांची नावं चिठ्ठ्यांवर क्वचित सापडतात.

तरीही ते दफ्तर जाळून टाकावं असं कुणी म्हणणार नाही, कारण त्यातले उतारे आपल्या कामाचे आहेत. कारभार मात्र बदलला. १९३३ मध्ये ही संस्था वर्गणीदार देशांच्या सामाईक परिषदेच्या हाती गेली, जिथे प्रत्येक देशाचा प्रतिनिधी बसे. १९४७ नंतर ‘इम्पीरियल’ जाऊन ‘कॉमनवेल्थ’ आलं. आज ‘कॅबी’ या नावाने ती चालते आणि भारत तिचा सदस्य आहे. तिच्या मित्रकीटक शाखेने १९५७ मध्ये बेंगळुरूला केंद्र काढलं होतं. त्या केंद्रातूनच पुढे आपला आजचा राष्ट्रीय ब्यूरो वाढला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने तर प्रवाहच उलटा केला. भारतात नवी जात सापडली तर तिचा नमुना भारतातल्या ठरावीक संग्रहांत ठेवलाच पाहिजे. किड्यांसाठी बेंगळुरूचा ब्यूरो त्यांपैकी एक.

याची किंमतही आहे. परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना पाठवायचा तर आता परवानग्यांचे कागद लागतात. तेवढ्यात कीड पुढच्या जिल्ह्यात जाते, अशी तक्रार कीटकशास्त्रज्ञ करतात. मला कायदा योग्य वाटतो आणि तक्रारही खरी वाटते. त्यावरचा उपाय एकच दिसतो. इथे प्रत्येक गटाचे जाणकार हवेत, आणि असे जाणकार घडायला दहा-पंधरा वर्षं लागतात. विद्यापीठांमध्ये या विषयाच्या जागा रिकाम्या पाहिल्या की जीव तुटतो.

आता तर मोबाइलवर फोटो काढला की नाव कळतं!

काही किडींचं कळतं. मक्यातल्या अळीच्या डोक्यावरची खूण चांगल्या फोटोत दिसते. पण २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणात मिरचीच्या फुलांत काळसर फुलकिडे दिसले तेव्हा बऱ्याच जणांनी ते नेहमीचेच समजले आणि नेहमीचंच फवारलं. ते होते आग्नेय आशियातले पाहुणे. जेमतेम एक मिलिमीटरचा किडा, सूक्ष्मदर्शकाखाली केसांच्या ओळी मोजल्याशिवाय ओळख पटत नाही. कापसावरची पांढरी माशी तर दिसायला एक आणि प्रत्यक्षात डझनावारी जातींचा गुंता आहे. तो डीएनएनेच सुटतो. आणि डीएनए जुळवायचा तरी कशाशी? नाव पक्कं असलेल्या नमुन्याच्या डीएनएशी. फिरून पेटीतल्या टाचणीपाशीच येतो आपण.

मामांचा फोटो मी तेव्हा कृषी विज्ञान केंद्रातल्या एका ताईंना पाठवला. त्या म्हणाल्या, “फोटो ठीक आहे, पण अळ्या घेऊन या.” तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते तुमच्याही उपयोगी पडेल. चार-पाच अळ्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून स्पिरिटच्या लहान बाटलीत टाकायच्या. दोन-चार जिवंत अळ्या त्याच पिकाच्या पाल्यासकट डब्यात ठेवायच्या, झाकणाला भोकं पाडून, म्हणजे पतंग बाहेर आल्यावर ओळख पक्की होते. आणि बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकायची, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, पीक आणि ज्याने अळी धरली त्याचं नाव.

मामींनी पाहिली होती ती अळी पहिल्यांदा, भल्या सकाळी. मामांनी चिठ्ठीवर मामींचं नाव लिहिलं.